तिनं साक्ष का दिली
माझी बायको गेल्या श्रावणात गेली. तेराव्याच्या पंगतीला बसलेले म्हणत होते, "काकी लय धाडसाची." पानावर बसून म्हणायला काय जातंय? ती सांगलीच्या कोर्टात उभी राहिली तवा हीच तोंडं कुजबुजत होती, हिचा ह्यात काय डाव आसंल?

दुष्काळ सरल्यावरची गोष्ट. कडेगावकडच्या आमच्या वस्तीवर एकानं बांधाच्या भांडणात चुलतभावाला कुऱ्हाडीनं तोडला. ही जवळच गवत कापत होती. तिनं पाहिलं. बघणारे बाप्येही होते, पण पोलीस आले आणि सगळ्यांचे डोळे गेले. हिचेच तेवढे शाबूत राहिले.

तारखेला जायला एसटी एकच. मेलेल्याची माणसं पुढं, आरोपीची म्हातारी आई मागं, मधे आम्ही. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली हिनं फडकं सोडलं आणि भाकरी-झुणका आधी त्या म्हातारीच्या हातावर ठेवला. झालं. मेलेल्याचा भाऊ मला म्हणाला, "फुटली न्हवं तुझी बायकू?" आरोपीच्या वकिलानंही पाहून ठेवलं.

साक्षीच्या पिंजऱ्यात त्या वकिलानं हिला आधी विहिरीवरून धरलं. आमची आणि आरोपीची विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या.

"तो आत गेला की त्याचं पाणी तुम्हाला. म्हणून साक्ष देता ना?"

"त्याची पाळी त्याच्या बायकूची हुईल की. तिला इंजान चालू करता येतंय."

लोक हसले. वकील तापला.

"मग त्याच्या आईला भाकरी कशाला दिली? खोटं बोलायचं म्हणून मन खात होतं?"

"ती पहाटंपास्नं उपाशी हुती, सायेब. तुमी तिच्या ल्योकाचं वकील. जेवलीस का म्हणून तुमी तरी इचारलंसा?"

त्यावर त्यानं कागद चाळले. काळा कोट घातला म्हणून माणसाचं पोट झाकत नाही. ह्याच्या पोटात डाव, म्हणून ह्याला सगळ्यांच्या पोटात डाव दिसायचा. आणि आमची गावची मंडळी त्याच्याहून हलकी. त्याला निदान फी मिळत होती.

जज्जांनी हिचं खरं धरलं. जन्मठेप झाली.

निकालाच्या दिवशी परतीच्या एसटीत म्हातारी हिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझा ल्योक तू घालवलास."

"व्हय, आत्याबाई," ही म्हणाली आणि सरकून तिला जागा दिली. म्हातारी बसली नाही. वस्तीपर्यंत दांडी धरून उभीच राहिली, आणि हीसुद्धा तिच्या शेजारी उभी राहिली.