जुबैलच्या ओट्यावरचा गार चहा

"आपा, शुक्रवारी ये. चहा पाजतो," एवढंच शरीफ फोनवर म्हणाला. चहा प्यायला रियाधहून जुबैल! पण माझा धाकटा भाऊ उगाच बोलावणारा नाही. तो जुबैलजवळ रास अल खैरला पाइप वेल्डर आहे, कंपनीच्या कॅम्पात राहतो. करार संपत आला होता. नवा करायचा नाही, गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर अमेरिकन पद्धतीच्या गार चहाची टपरी टाकायची, असं त्याच्या मनात होतं. त्याच्या बायकोने, रुखसानाने, अट घातली होती, "आपा हो म्हणाल्या तरच या." म्हणजे निकाल मी द्यायचा.

पहाटे फजरची नमाज पढून मी आणि आमचे हे गाडीने निघालो. दम्मामचा महामार्ग सरळसोट आहे आणि म्हणूनच धोक्याचा, झोप येते. अधूनमधून थांबाच. पंप मोठा बघून थांबा, तिथे बायकांची सोय बरी असते. टाकी रियाधलाच भरली तर वाटेत चिंता नाही. तंदुरातली गरम तमीस रोटी आणि वालासारख्या बियांची घोटलेली उसळ खाल्ली की दुपारपर्यंत पोट तक्रार करत नाही, आणि स्वस्तही पडतं. उंट आडवे येऊ नयेत म्हणून दुतर्फा कुंपण आहे. त्याच्या पलीकडे वाळू, विजेचे मनोरे आणि पुन्हा वाळू. निसर्गसौंदर्य शोधायला हा रस्ता धरू नका. विचार करायला मात्र चांगला.

रास अल खैरच्या कॅम्पात बायकांना प्रवेश नाही. म्हणून आमची मावसबहीण हसीना हिच्या जुबैलच्या घरी भेटायचं ठरलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा शरीफ ओट्यापाशीच उभा होता.

"हा चहा शिकलास कुठे?" मी विचारलं.

"आमचा एक म्हातारा फोरमन होता, अमेरिकेतल्या जॉर्जियाचा. त्यांच्याकडे जेवताना पाण्याच्या जागी हाच. पाहुणा आला की आधी याचा ग्लास."

त्याने पाणी उकळून गॅस बंद केला. मग चहाच्या पुड्या, म्हणजे टी-बॅग, सोडल्या, चिमटीभर खायचा सोडा टाकला, झाकण ठेवलं. "कोणी हात लावू नका," असं बजावून तो आणि आमचे हे जुम्म्याच्या नमाजला गेले.

हसीनाने झाकण उचललं. "अगो, हा उकळलाच नाही! कच्चा चहा पाजणार की काय?"

मलाही तेच वाटलं. कोकणात चहा वर येईपर्यंत तो चहाच नव्हे. मी गॅस लावला, चांगला रंग चढू दिला, बंद केला.

परत आल्यावर शरीफने पुड्या काढून साखर ढवळली, गार पाणी ओतलं, बर्फ टाकला. चहा गढूळ झाला, आणि कडू तर असा की यांनी तोंड फिरवलं.

"गॅस कोणी लावला?"

"मी," मी म्हटलं.

तो हसला. "कॅम्पात सगळ्यांनी पहिल्यांदा हेच केलं, गो."

त्याने पुन्हा केला. या वेळी पुड्या न पिळता काढल्या, साखर गरम असतानाच विरघळवली, फ्रिजची घाई न करता ओट्यावरच निवू दिला. ग्लासातून पलीकडची खिडकी दिसत होती. दात शिवशिवतील इतका गोड, आणि मागाहून चहाची बारीकशी तुरट चव. मला आवडला.

"सरबत आहे हे, चहा नाही," हसीना म्हणाली.

गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर दुसरं काय ऐकायला मिळणार होतं?

"शरीफ, टपरी चालायची नाही. पहिलंच गिऱ्हाईक म्हणेल, जरा उकळ."

त्याने ग्लास खाली ठेवला. "म्हणजे नवा करार करू?"

ज्या आवाजात त्याने हे विचारलं, त्यावरून कळलं की टपरी हे घरी परतायचं निमित्त होतं. "घर बांधून झालं, मुलगी नोकरीला लागली," मी म्हटलं, "मग टपरी कशाला हवी?"

"नुसता गेलो तर लोक विचारतील, का आलास? उत्तर नको काय?"

"मला विचारायला सांग त्यांना. तू घरी जा."

"टपरी नसली तरी?"

"नसली तरी."

"यल्ला, चला, निकाल लागला," हे म्हणाले. "आता वाढा."

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर रुखसानाला फोन केला. निकाल सांगितला. ती म्हणाली, "टपरीचं मीच त्यांच्या डोक्यात घातलं होतं, आपा. नुसतं 'या' म्हणायला लाज वाटत होती."

आता रियाधला हा चहा मी घरी करते. तुम्हीही करा, पण झाकण ठेवल्यावर ओट्यापासून लांब राहा. शरीफने कंपनीला कळवलंय. कागद पुरे झाले की तो निघेल. मग समुद्राच्या या बाजूला माझ्या माहेरचं सख्खं कोणी उरणार नाही. निकाल देताना हे मला ठाऊक होतं. त्याला ते सांगितलं असतं, तर त्याने नवा करार केला असता.