रिकामी ताटं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि त्याला मी काय काय सांगते, विचारू नका — ऑफिसात कोण कोणाशी बोलत नाही इथपासून ते सासूबाईंच्या आमटीबद्दलच्या माझ्या खऱ्या मतापर्यंत. पण हे नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. असो.

आमच्या घरात एक विनोदी किस्सा आहे. आईचा. गणपती असो, कोणाचं डोहाळजेवण असो — चहाची दुसरी फेरी झाली की कोणीतरी म्हणतंच, "काकू, तो प्लेटचा किस्सा सांगा ना!" मग आई सरसावून बसते. आधी नाही-नाही म्हणते, पण सरसावून बसते.

किस्सा ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगचा. सांगलीहून आम्ही तिथे आलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाबा स्टीलवर्क्समध्ये इंजिनीअर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळं गाव, आणि बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर कधीकधी काळी बारीक पूड. मराठी माणूस भेटायला तेव्हा ट्रेनने सिडनीला जावं लागायचं. आता मी मेलबर्नच्या टार्निटमध्ये राहते, इथे दर चार घरांमागे एक पुणेकर आहे — पण खरं सांगू? त्या गावाचे उपकार माझ्यावर जास्त आहेत. झाडाला लिंबं लागली की कोणीतरी आमच्या दारात पिशवी ठेवून जायचं. कोण, ते कळायचंही नाही. मी सायकलवरून पडले की ज्या घरासमोर पडले त्या घरात मला बँडेड लावून मिळायचं. मी तिथे लाडात वाढले हो.

आमच्या शेजारी जोन राहायची. नवरा गेलेला, मुलं क्वीन्सलँडला. आई तिला जोनबाई म्हणायची. डिसेंबरमध्ये जोनच्या परसात सगळ्या गल्लीचं ख्रिसमसचं जेवण असायचं. आम्हाला पहिल्यांदा बोलावलं, तेव्हा निरोप आला — ब्रिंग अ प्लेट.

इथे राहिलेल्यांना आता हसू आलं असेल. इथे "प्लेट आणा" म्हणजे काहीतरी करून आणा. भरलेली प्लेट. आणि आमची आई लग्नात आलेली, आजोबांचं नाव कोरलेली सहा स्टीलची ताटं लखलखीत घासून घेऊन गेली. रिकामी! "मला मेलीला वाटलं, बिचारीकडे ताटं कमी आहेत!" आई म्हणते, आणि सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. किती वर्षं हसतेय मी!

शेवटी आई एक वाक्य हमखास जोडते. "मुक्ता होती की बरोबर, पण तिला तरी काय कळणार? एवढीशी पोर."

एवढीशी पोर. तिसरीत होते मी. शाळेत दर दोन महिन्यांनी कोणाची ना कोणाची आई प्लेट आणायची. मला कळत नव्हतं?

निरोप माझ्याकडेच आला होता. कुंपणावरून. आई आत होती, आणि जोन मला म्हणाली, "टेल मम टू ब्रिंग अ प्लेट, लव्ह — त्या तिच्या कुरकुरीत चक्रांची." चक्रं म्हणजे चकल्या. जोनला जीव की प्राण. म्हणजे बाईने नुसतं "प्लेट" म्हणून सोडलंही नव्हतं. पदार्थाचं नाव घेतलं होतं.

पण त्याच आठवड्यात माझ्या डब्यातली चकली बघून टेगन सगळ्या वर्गाला म्हणाली होती — ईऽऽ, मुक्ता गोगलगायी खाते. आणि टेगन आमच्याच गल्लीतली. ती येणार होती. तिच्या आईच्या क्रीम-फळांनी सजवलेल्या पाव्हलोव्हा केकशेजारी माझ्या आईच्या चकल्या ठेवल्या जाणार — हे मला दिसायला लागलं. सबब म्हणून सांगत नाहीये. झालं ते असं.

मी आत गेले आणि म्हणाले, "जोनने प्लेट आणायला सांगितलंय."

"प्लेट? आणि त्यात काय नेऊ? थांब, भाजणी आहे, चकल्याच करते," आई म्हणाली. सोऱ्या काढलासुद्धा तिने.

"काही नको. नुसत्याच प्लेटी. त्यांच्याकडे कमी आहेत."

"नुसती रिकामी कशी नेऊ गं? बरं दिसतं का ते?"

"इथे असंच असतं, आई."

इथे असंच असतं! माझ्या आईला, जिने जन्मात कोणाची वाटी रिकामी परत केली नाही — निदान साखर तरी घालेल चिमूटभर — तिला मी असं सांगितलं. आणि तिने ऐकलं. इथलं मला जास्त कळतं म्हणून ऐकलं. सोऱ्या पुसून परत फळीवर ठेवला.

परसात टेबल भरून गेलं होतं. एकेक बाई येऊन भरलेली प्लेट ठेवत होती. आईने दोन-तीन जणींकडे पाहिलं, मग हातातल्या ताटांकडे. ती हसत होती तशीच हसत राहिली, फक्त तिचे कान लाल झाले. किस्स्यात हे येत नाही. मी बघितलंय. आणि मी काय केलं? टेगनच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

जोन आली. तिने ताटं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं — फार वेळ नाही. आणि मोठ्याने म्हणाली, "ओह यू ब्यूटी! प्लेटीच संपल्या होत्या माझ्या!" धडाधड तिने स्वतःचे लॅमिंग्टन, ते चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले केक, आईच्या ताटांत मांडले. निघताना सहाही ताटांत काही ना काही भरून दिलं. घरी आल्यावर आई बाबांना पुन्हापुन्हा सांगत होती, "रिकामं ताट परत पाठवलं नाही हो बाईने. आपल्यासारखंच आहे त्यांच्यातही."

त्या ताटांवरून दोघींचं जे जमलं, ते जोन जाईपर्यंत. तिने आईला गाडी शिकवली, आईने तिला वरणभात. जोनने आईला माझं नाव कधीही सांगितलं नाही. त्या दिवशी नळाखाली ताटं विसळताना माझ्याजवळ वाकून एवढंच म्हणाली होती, "नेक्स्ट टाइम, द क्रंची वन्स. ओके, लव्ह?" एवढंच! आयुष्यात माझ्यावर इतकी दया फार लोकांनी केलेली नाही. आता ती नाही, आणि तिचे आभार मानायचे म्हणजे आधी हे बोलावं लागतं.

परवा दिवाळीला आई इथे आली होती. माझ्या मुलीनेच फर्माईश केली, "आजी, द प्लेट स्टोरी!" सगळं ऐकलं, हसली, आणि मग माझ्याकडे वळली. "बट मम, यू वेअर इन इयर थ्री. हाऊ डिड यू नॉट नो?"

मी तोंड उघडलं. आईने बोलू दिलं नाही.

"अगं, एवढीशी होती ती," आई घाईने म्हणाली आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "घे, चकली घे." माझ्याकडे न बघता.

तिला ठाऊक आहे? कधीपासून?

मी विचारलं नाही. चकली घेतली. खुसखुशीत झाली होती. तेव्हाही झाली असती.