बुधवारची मराठी प्रार्थना

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर चार कोरियन माणसांना. शाळेतल्या निम्म्या पोरांना अजून धड चार ओळी लिहिता येत नसतील, त्याचं मला काही वाटत नाही. या चौघांना मात्र मी फार चांगलं शिकवलं, आणि त्याचं दुःख मला मरेपर्यंत पुरणार आहे.

मुलुंडला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका जुन्या सोसायटीत, गेटच्या अगदी वर, पहिल्या मजल्यावर ते राहायचे. पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, त्यांची बायको आणि दोन तरुण मुली. त्यांच्या देशातल्या चर्चने त्यांना इथे सेवेला पाठवलं होतं. मी जन्माने ख्रिस्ती. आमच्या चर्चमध्ये ओळख झाली आणि आठवड्यातून चार दिवस मी शिकवायला जाऊ लागले. दुपारी ते कांजूरमार्गला, डम्पिंगच्या बाजूच्या वस्तीत जायचे. तिथे मुलांचा अभ्यास घ्यायचे, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचे. तो वास अंगावर घेऊन परत यायचे आणि आंघोळी उरकून किमचीसाठी, त्यांच्या आंबवलेल्या लोणच्यासाठी, कोबीला मीठ चोळायला बसायचे. त्यांच्याकडचा लांबट कोबी इथल्या मार्केटात मिळत नव्हता, म्हणून आपल्या गोल कोबीवर भागवायचे. त्या आंबलेल्या लसूण-मिरचीच्या वासाची शेजारचे लोक महिन्यातून एकदा सेक्रेटरीकडे तक्रार करायचे, आणि पाळकांची बायको डझनभर केळी घेऊन त्यांच्या दारात माफी मागायला जायची, कमरेत वाकून. मला वैताग यायचा. एवढं वाकायचं काही कारण नाही, असं मी दर वेळी सांगायचे आणि ती दर वेळी हसायची.

त्यांची प्रार्थना पहाटे साडेपाचला. आमच्याकडे एकजण प्रार्थना करतो आणि बाकीचे डोळे मिटून आमेन म्हणतात. यांची रीत निराळी. आधी सगळे मिळून तीनदा प्रभूला मोठ्याने हाक मारणार, आणि मग चौघंही एकाच वेळी आपापली प्रार्थना करणार, तीही आवाज चढवून. ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव घेऊन, त्याची अडचण नीट खुलासेवार सांगून. देवाशी मोघम बोलू नये, असं पाळकांचं म्हणणं. उकाड्यामुळे खिडक्या सताड उघड्या. दोन वर्षं वस्तीतल्या घराघरांची दुखणी त्या खिडकीतून बाहेर पडत होती, पण कोरियनमध्ये. कुणाला काय कळणार? "चालू झाला यांचा अलार्म," एवढंच लोक म्हणायचे.

मग मला अक्कल सुचली. शिकलेलं तोंडात रुळावं म्हणून मी गृहपाठ दिला: दर बुधवारची प्रार्थना मराठीतून करायची. पाळक अडखळायचे, त्यांची बायको दोन वाक्यांत आटपायची. दोघी मुलींतली धाकटी मात्र भारी हुशार. तिला 'ळ' यायला चार महिने लागले, पण आला तो असा की आमच्या शाळेतल्या बाईंनाही जमला नसता.

त्यांच्याकडे केरलादीला एक बाई यायची, मूळची मालवणकडची, राहायला कांजूरमार्गला. तिचा नवरा त्याच सोसायटीत वॉचमन होता, रात्री आठ ते सकाळी आठ. एका सोमवारी ती धाकटीसमोर बसून रडायला लागली. रडत, भरभर बोललेलं धाकटीला कळेना, म्हणून मी इंग्रजीतून दुभाषी झाले. तिची मुलगी नववीत होती, गणितात पहिली यायची. नवऱ्याने तिचं लग्न गावाला नात्यातच ठरवलं होतं, मे महिन्यात. "पिणारा नाय, मारणारा नाय," ती म्हणाली, "पण डोक्यात घेतलं की घेतलं. म्हणतो, वस्तीत पोरगी ठेवली तर वाट लागेल तिची." पुण्याला तिची सख्खी बहीण होती. ती मुलीला ठेवून घ्यायला तयार होती, तिथल्या शाळेत नाव घालायला तयार होती. शुक्रवारी दुपारी नवरा झोपला की दोघी निघणार होत्या. "कोणाला सांगू नका हां, ताई," ती शेवटी म्हणाली. मी तेही भाषांतर करून सांगितलं. संध्याकाळी पाळकांनाही कळलं. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. देवाला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं, असं त्यांना वाटतच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही.

त्या बुधवारी मी मुद्दाम पहाटे उठून गेले, विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावी तशी. गेटपाशी पोचले तेव्हा प्रार्थना सुरू झाली होती. मी वर गेले नाही, खालीच उभी राहिले. चार आवाजांत धाकटीचा आवाज वेगळा ऐकू येत होता. तिने बाईचं नाव घेतलं, मुलीचं नाव घेतलं. "प्रभू, शुक्रवारी दुपारी आईला आणि मुलीला पुण्याला मावशीकडे सुखरूप ने. तिचं लग्न होऊ देऊ नकोस. तिच्या बाबांना कळू देऊ नकोस." एकही चूक नव्हती. माझा ऊर भरून आला. मी उच्चार ऐकत होते. नुसते उच्चार.

वॉचमन बाजूला स्टुलावर बसला होता. तो उठला, नेहमीसारखा सलाम केला आणि म्हणाला, "टीचर, चांगलं शिकवलंत हां तुम्ही यांना."

मी त्याला थँक्यू म्हणाले.

शुक्रवारी सकाळी बाई आली ती केस न विंचरता. गुरुवारी दुपारी, ती कामावर असताना, नवऱ्याने मुलीला शाळेतून उचललं आणि गावच्या गाडीत बसवलं होतं. सोबत त्याचा भाऊ गेला होता. हा संध्याकाळी गपचूप ड्युटीवर हजर. "त्याला कसं कळलं, ताई?" ती मला विचारत होती. धाकटीचं तोंड पांढरं पडलं. तिला माझ्याआधी कळलं होतं. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला आणखी एक मिनिट लागलं, आणि पडल्यावर मी तिथेच खुर्चीत बसले.

मी पाळकांना म्हटलं, पोलिसात जाऊ या, मुलगी पंधराची आहे, हा गुन्हा आहे. त्यांचे व्हिसा भाषा शिकण्याचे होते. पोलीस आले की पहिला प्रश्न येणार: ही परदेशी माणसं हिंदू बाईच्या घरच्या भानगडीत का पडली? मुलीला कुठे नेणार होती? वस्तीतला क्लास बंद होईल, आमच्या चर्चच्या दारात माणसं जमतील. "तीन दिवस थांबू या," पाळक म्हणाले. "उपास करू." मी थांबले. हे त्यांच्यावर ढकलून मला मोकळं होता येत नाही. मला फोन करता येत होता, फोन माझ्याच पर्समध्ये होता. मी चर्चमधल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार केला, माझ्या मुलाच्या नोकरीचा विचार केला, आणि तीन दिवस चक्क उपास केला. आम्ही उपास सोडला त्या चौथ्या दिवसापर्यंत गावाला मुलीचा साखरपुडा झाला होता. मे महिन्याचीही वाट त्यांनी बघितली नाही. पंधरा दिवसांत देवळात लग्न लावून टाकलं.

त्यानंतर ते चौघं खिडक्या बंद करून, कुजबुजत प्रार्थना करायला लागले. बैल गेला नि झोपा केला. धाकटी माझ्याशी मराठीत बोलेनाशी झाली. इंग्रजीत बोलायची, तेही कामापुरतं. वर्षभरात मुदत संपली आणि ते परत गेले. निरोपाला पाळकांची बायको माझ्यासमोर कमरेत वाकली आणि बराच वेळ वर उठलीच नाही. या खेपेला मी काही म्हटलं नाही.

मी अजून प्रार्थना करते. करते म्हणजे बसते. कुणाचं नाव तोंडावर आलं की गिळून टाकते. देवाने त्या पहाटे चौघांचं ऐकलं नाही आणि वॉचमनने एकीचं ऐकलं, याच्या पलीकडे माझी श्रद्धा जात नाही. पाळक असते तर यावरही काही वचन दाखवलं असतं, पण मला ते ऐकायचं नाही.

बाई आता माझ्याकडे कामाला येते. मीच बोलावलं तिला. मुलीला एक बाळ झालंय, दुसऱ्याची चाहूल आहे. गणिताची वह्या-पुस्तकं बाईने वस्तीतल्या कुणाला तरी देऊन टाकली.

मध्यंतरी एका रविवारी ती माझ्या ओट्यापाशी कोळंबी सोलत होती आणि तिचा फोन वाजत होता. पुण्याची बहीण. बाईने नाव बघितलं आणि फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मी म्हटलं, "घे की गं. दर रविवारी करते बिचारी."

"कशाक घेऊ?" ती चिडली की मालवणी बोलते. "सख्खी भयण माझी. तिनाच सांगल्यान त्याका. तिच्याशिवाय कोणाक म्हायत होता?"

"ती कशाला सांगेल?"

"मग काय तुमी सांगलात?" असं म्हणून ती हसली. माझ्यावर इतका विश्वास की तिला त्यात विनोद दिसला.

तो क्षण माझ्यासमोर होता. तिची मुलगी मी परत देऊ शकत नव्हते, पण बहीण देऊ शकत होते. एक वाक्य बोलायचं होतं, साधं, माझ्या स्वतःच्या भाषेत.

"नाही गं," मी म्हणाले.

फोन आणखी दोन-तीन रविवार वाजला. दिवाळीपासून तो वाजत नाही.