तावडेकाकांची बावीस मिनिटं

तावडेकाका कुणाच्याही घरी रक्त घ्यायला गेले की आधी पेशंटचा हात हातात घेऊन बसायचे. सुई बॅगेतच. गाव कुठलं, झोप लागते का, असल्या गप्पा. लॅबमध्ये मी नवीन असताना एकदा त्यांच्याबरोबर चारकोपला गेले होते. बाहेर पडल्यावर विचारलं, एवढा वेळ कशाला? म्हणाले, "गो बाय, शीर भियाली काय आत जाता. जरा बोल माणसाशी, आपसूक वर येता." एका टोचण्यात काम व्हायचं. म्हाताऱ्यांचे फोन यायचे, तावडेंनाच पाठवा.

मग आमच्या साहेबांच्या डोक्यात खूळ शिरलं. कोण किती मिनिटांत रक्त घेतो ते ॲपवरून मोजायचं आणि ऑफिसातल्या टीव्हीवर लावायचं. वरच्या नावांना तारे, खालची लाल. सोमवारी पहिल्यासाठी टाळ्या, आणि शेवटच्याने सगळ्यांसमोर उभं राहून "मी सुधारेन" म्हणायचं. याला म्हणे मोटिव्हेशन. डोंबल! आणि तो तक्ता बनवायचे मी, हेही सांगून टाकते.

बाकीचे बेरकी. घरात शिरताना नाही, सुई टोचताना ॲपवर 'पोचलो' दाबायचे. त्यांची पाच मिनिटं दिसायची, काकांची बावीस. आकडे बघून मला ते कळलं होतं, तरी मी गप्प. उलट काकांनाही म्हटलं, तुम्ही तसंच करा ना.

"खोटा कशाक करू?" एवढंच म्हणाले.

तीन सोमवार ते उभे राहिले. साठीला टेकलेला माणूस, मान खाली, "मी सुधारेन." माझं डोकं फिरायचं, पण पहिल्यासाठीच्या टाळ्या मीही वाजवायचे. चौथ्यांदा लाल दिसलात तर घरी बसा, असं साहेबांनी बजावलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

त्या आठवड्यात काकांचं नाव हिरवं झालं. मी मूर्खासारखी खूश झाले.

शनिवारी त्यांनी बॅग आणि ओळखपत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "दिंडोशीत एका म्हातारेक तीनदा टोचलंय. हात काळो-निळो झालो तिचो. घाई माझी होती गो, तिची नाय." ते जिना उतरून गेले.

सोमवारी साहेबांनी मला उभं केलं. तावडेंचं नाव गळलं आणि सगळ्यांची महिन्याची सरासरी मिनिटं खाली आली, बघा तक्त्याची कमाल, म्हणाले. टाळ्या वाजल्या. मी "थँक्यू सर" म्हटलं.

तो तक्ता अजूनही मीच बनवते.