हजेरी घेणारा

गेल्या वर्षी नऊ जानेवारीस, सकाळी साडेनऊ वाजता, सोनईच्या चर्चमागील सभागृहात मी नावे पुकारू लागलो. आयुष्यभर हजेरी घेतलेल्या मुख्याध्यापकाला याहून योग्य काम नव्हते, असे माझेच मत होते.

शिबिर कर्णयंत्रांचे आणि एकाच दिवसाचे होते. ते घेणारे मिशनरी मूळचे आपल्याच जिल्ह्यातले. रोमानियातील खेड्यांत ते वीस वर्षे प्रार्थना चालवीत आणि कानांना यंत्रे बसवीत. बोलता बोलता मध्येच ते हाताने तोंड झाकीत आणि समोरच्याचे डोळे पाहत. मला ती सवय असभ्य वाटली.

दुपारी एक म्हातारी टेबलापाशी आली. "गुर्जी, माजं नाव घेतलं तवा तीनदा व्हय म्हनले. तरी तुमी फुलीच मारली!"

"मोठ्याने म्हणायचे होते," मी दरडावले.

मिशनरी जवळ आले आणि तोंडावर हात धरून काही म्हणाले. मी मान डोलावली.

त्यांनी हात काढला. "सर, मी विचारलं, तुमचे कान कधी तपासलेत? रोमानियात भाषा येईपर्यंत मीही वर्षभर अशीच मान डोलवायचो. म्हणून डोलवणारे मला लगेच ओळखू येतात."

म्हातारी हसली. ते मात्र मला स्वच्छ ऐकू आले.

यादीत चार फुल्या होत्या. चौघीही सकाळपासून बाहेर ओट्यावर बसून होत्या. त्यांना मी एकेक करून खुर्चीपर्यंत नेले. मग फुल्या खोडून 'हजर' लिहिले आणि शेवटच्या ओळीत माझे नाव घातले.