दुखतंय म्हंजे कसं?

आमच्या थोरल्या वहिनींसमोर नुसतं ‘दुखतंय’ म्हणून सुटलेला माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडायचा नाही. गारखेड्याच्या घरी एकदा मी डोकं धरून बसलो, तर हातातली परात खाली ठेवून त्यांनी उलटतपासणी सुरू केली. “भाऊजी, दुखतंय म्हंजे कसं? ठणकतंय, भणभणतंय का सणक मारतीय?” मी विचार करकरून ‘भणभणतंय’वर आलो, तोवर डोकं दुखायचं थांबलं होतं. औरंगपुऱ्यात साडी घ्यायला गेल्या, तर कमरेवर हात ठेवून उठणाऱ्या दुकानदारालाही त्यांनी हेच विचारलं. त्याची कळ पायात उतरते हे कळल्यावर साडी तशीच टाकून त्याला आधी तपासून घ्यायला पिटाळलं.

हे वेड त्यांनी दवाखान्यातून आणलं. उभी नोकरी त्यांनी एका मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात केली, आणि अफूच्या कुळातल्या वेदनाशामकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असे. नवे डॉक्टर दोन तऱ्हांचे येत. एक, जो मोठ्यानं ओरडेल त्याला त्या कपाटातलं इंजेक्शन लिहून मोकळे होणारे. दुसरे, माणूस जन्माचा व्यसनी होईल या धास्तीनं मॉर्फीनचं नाव काढलं तरी हात आखडणारे. औषध लिहायचा अधिकार काही वहिनींना नव्हता. त्या फक्त किल्ली काढता काढता विचारायच्या, “सर, पेशंटचा शब्द काय?” मग डॉक्टर मुकाट्यानं परत खाटेकडे जाई, नीट विचारी, हात लावून पाही आणि बरेचदा आपण होऊनच कागदावरचं औषध बदली. एका म्हातारीनं ‘टीस उठरी बेटा’ असं सांगितलं, तेव्हा कोकणातून आलेल्या डॉक्टरला त्यांनी ‘कळ’ खोडून ‘टीस’ हाच शब्द लिहायला लावला. “दुखणं तिचं, तर शब्दबी तिचाच,” म्हणाल्या.

एकदा मक्याच्या मळणीयंत्रात हात गेलेला माणूस सिल्लोडहून आला. कसं दुखतंय, तर म्हणाला, “काय नाय, जरा दुखतंय.” शेजारच्यानं मोडलेल्या बोटापायी वॉर्ड डोक्यावर घेतला होता, म्हणून नव्या डॉक्टरनं भारी औषध त्याला लिहिलं आणि याला साधी गोळी. वहिनी किल्ली हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. “सर, शब्द लिव्हला तुम्ही, पण ऐकला नाय. आपल्याकडचा माणूस चारचौघांत दुखणं सांगायला लाजतो. दात आवळून ‘जरा’ म्हणला की समजायचं, लई हाय.” डॉक्टरनं त्या माणसाच्या जबड्याकडे पाहिलं आणि कागद बदलला. मॉर्फीन दिल्यावर थोड्या वेळानं तो माणूस पहिल्यांदा रडला. तेव्हापासून तिथं कागदावर ‘जरा’ आलं की त्याखाली दोन रेघा मारायची पद्धत पडली. मोठमोठ्या पदव्यांची माणसं आमच्या बारावी आणि नर्सिंग झालेल्या वहिनींचं ऐकून रेघा मारतात, याचा मला भारी अभिमान आहे. नातेवाइकांत कुणी आपल्या इंजिनिअर जावयाचं कौतुक सुरू केलं की मी ही गोष्ट सांगतो.

निवृत्तीच्या दिवशी मात्र वहिनी हारतुरे घेऊन उदास होऊन घरी आल्या. “किल्ली दिली, भाऊजी. पण शब्द कोण इचारणार? मी गेल्यावर पोरं परत समद्यांना एकच सुई टोचतील.” त्या दिवशी त्या नीट जेवल्याही नाहीत.

मागच्या महिन्यात त्या अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही त्यांना त्याच अपघात विभागात नेलं. डॉक्टर एक कोवळी मुलगी होती, वहिनींना ओळखत नव्हती. “मावशी, कसं दुखतंय? तुमच्या शब्दांत सांगा.”

ज्यांनी आयुष्यभर लोकांकडून शब्द वदवून घेतले, त्या आमच्या वहिनी पदर दातांत धरून म्हणाल्या, “काय नाय बाई, जरा.”

मी तोंड उघडणार, तोच त्या मुलीनं ‘जरा’ लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि सिस्टरला किल्ली घेऊन यायला सांगितलं. मी त्या रेघांकडे बोट केलं, तेव्हा म्हणाली, “इथं आम्हाला असंच शिकवतात, काका. कुणी सुरू केलं कुणास ठाऊक.”

मी सांगणार होतो, पण वहिनींनी माझा हात दाबला. इंजेक्शननंतर त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

“वहिनी, आता कसं वाटतंय?” मी विचारलं.

त्यांनी उशाशी ठेवलेल्या कागदावरच्या त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते.

“शब्द सापडंना, भाऊजी,” म्हणाल्या.