पोटात टिकणारी लस

तोंडाने दिलेली लस पोटातल्या आम्लात नासते. म्हणून यवतमाळच्या कॉलेजात मी सिलिकाचे सूक्ष्म, सच्छिद्र कण तयार केले आणि लस त्यांच्या छिद्रांत भरली. ती उंदरांना पाजली. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं दिसली, तेव्हा मी प्रयोगशाळेतच रडले.

माझ्या गाईड सरांनी ते काम परिषदेत स्वतःचं म्हणून मांडलं. माझं नाव कुठेच नव्हतं. मी मागच्या रांगेत दातओठ खात बसले होते.

भाषण संपल्यावर एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "आतड्यात पोचल्यावर लस कणांतून बाहेर कशी पडते?"

सर अडखळले. मग माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "बेटा, तू सांग ना."

उत्तर मला तोंडपाठ होतं. मी उभी राहिले. "मी कशी सांगू, सर? यात माझं नावच नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. सरांना घाम फुटला आणि मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी दिग्रसला घरी पोचले, तर गॅरेजमधून अब्बांनी विचारलं, "काहून हसून राह्यली?"

"एकाची जिरवून आली."

सरांनी नंतर माफीचे निरोप पाठवले. मी एकालाही उत्तर दिलं नाही.